ओबी नावाचा दिवा

१९४४ च्या ‘द लॉजर’ या चित्रपटासाठी छायालेखक ल्यूसिअन बॅलर्ड याने एक लहानसा दिवा कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसवला. समोरून पडणाऱ्या त्या उजेडात चेहऱ्यावरच्या व्रणांची सावली पडत नसे, आणि सावली नसली की पडद्यावर व्रणही दिसत नसे. १९३७ मध्ये लंडनला झालेल्या मोटार अपघातात जिच्या चेहऱ्याला इजा झाली होती, त्या अभिनेत्री मर्ल ओबेरॉनच्या नावावरून या दिव्याला ‘ओबी’ हे नाव पडले.

मर्लला व्रणांहून मोठी गोष्ट झाकायची होती. तिचा जन्म १९११ मध्ये मुंबईत झाला, बालपण कलकत्त्यात गेले. जिला ती आई म्हणत वाढली, ती शार्लट खरे तर तिची आजी होती. तिला जन्म दिला होता शार्लटच्या मुलीने, कॉन्स्टन्सने. १९३३ मध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने मर्लला इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची राणी अॅन बोलीन हिची छोटी भूमिका दिली आणि तिचे नाव झाले. मात्र तिची जन्मभूमी टास्मानिया असल्याचे जाहीर करण्यात आले. सावळी शार्लट पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरत असे, असे चरित्रकार सांगतात. या लपवाछपवीबद्दल मर्लला दोष देणे मला अन्यायाचे वाटते; कारण गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध पडद्यावर दाखवण्यास हॉलिवूडच्या चित्रपटविषयक नियमसंहितेने मनाई केली होती, आणि मिश्र वंशाची म्हणून ओळखली जाणारी स्त्री तिथे नायिका होणे जवळपास अशक्य होते.

‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. पण तिला पाहावे ते १९३९ च्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये. त्यात बालकलाकारांनी रंगवलेल्या लहानपणीच्या प्रसंगात नायिका कॅथी नायक हीथक्लिफला सांगते की तू वेषांतर केलेला राजपुत्र आहेस, तुझा बाप चीनचा सम्राट आणि आई हिंदुस्थानची राणी. कुळाचा पत्ता नसलेल्या, सावळ्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या मुलाची मोठेपणीची भूमिका लॉरेन्स ऑलिव्हिए हा इंग्रज नट करत होता, आणि त्याला हिंदुस्थानी आई बहाल करणाऱ्या कॅथीची मोठेपणीची भूमिका करणारी मर्ल मुंबईत जन्मलेली होती.  ते वाक्य ऐकताना मर्लच्या मनात काय चालले असेल, या विचाराने दर वेळी माझ्या घशाशी आवंढा येतो.

१९४५ मध्ये बॅलर्डशी तिचा विवाह झाला. १९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्ट येथे तिचे स्वागत झाले, आणि पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले. तिच्या जन्माचा दाखला मुंबईच्या सरकारी दप्तरात होता. कॉन्स्टन्सच्या मुलाने तो शोधून काढला, तेव्हा मर्ल आपली मावशी नसून बहीण असल्याचे त्याला कळले. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, परंतु तिने भेट नाकारली.