चारची सही

नमस्कार श्रोतेहो.

'नर्सिंग होम' म्हटलं की आपल्याला आधी बाळंतपण आठवतं. खाली औषधांचं दुकान, जिन्यात चपलांचा ढीग, वर दहा खाटा. मी आज बोलणार आहे ती जागा वेगळी आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला जिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ठेवावं लागतं, ती. पाटीवर कुठे 'शुश्रूषा केंद्र' लिहिलेलं असतं, कुठे 'केअर सेंटर', कुठे नुसतंच 'वृद्धाश्रम'.

पाटीतला हा फरक किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. आपल्या राज्यातला नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा 1949 सालचा. आजारी, जखमी किंवा दुर्बल झालेल्या माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ते नर्सिंग होम, अशी त्यातली व्याख्या. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. तेव्हा आत शिरताना भिंतीकडे बघा. "आमचा साधा वृद्धाश्रम आहे हो" असं कुणी म्हणालं, तर विचारा, मग नाकातल्या नळीतून भरवतं कोण? लघवीची नळी बदलतं कोण? तिथे शिकलेली सिस्टर आहे की आठवडाभर बघून शिकलेली मुलगी?

मी 34 वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होते. तरी स्वतःच्या घरातली वेळ आली तेव्हा गोंधळलेच. थोरल्या जाऊबाई, वय 82. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ उजवी बाजू गेली. मुलगा न्यू जर्सीत. त्यानं रात्रभर जागून गूगलवरचे तारे मोजून यादी पाठवली. तिकडे त्यांना ती सवय. अमेरिकेत 2008 पासून सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय दोष सापडले, कर्मचारी किती, रुग्णांची अवस्था कशी, हे पाहून. आपल्याकडे गूगलवर तारे देतो तो आठवड्यापूर्वी वडिलांना सोडून गेलेला मुलगा. त्याच्या डोक्यावरचं ओझं नुकतंच उतरलेलं असतं. तो पाचच देणार.

मग मी आणि माझी सून, दोघी हिंडलो. पहिल्या ठिकाणी कारंजं होतं, माशांची पेटी होती. मॅनेजरनं बाग दाखवली, एसी दाखवला, मोठा टीव्ही दाखवला. मी म्हटलं, मला खाटेवरची माणसं बघू द्या. एका आजोबांची उजवी बाजू लुळी होती आणि बेलचं बटण उजव्या हाताला बांधलेलं होतं. पाण्याचा पेला समोरच्या खिडकीत. आजोबांचे ओठ सोललेले. बाग बघायला मी परत गेले नाही.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मला विचाराल तर सगळं तिथेच कळतं. पाठीची जखम. बेडसोर. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, खुबा, टाच, जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे दाब येतो, रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. सुरुवातीला नुसता लालसर डाग दिसतो. त्यावर बोट दाबून काढा. क्षणभर फिकट होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही तसाच राहिला तर आतली गडबड सुरू झाली. सावळ्या रंगावर तो लाल दिसतच नाही. जांभळट दिसतो, हाताला गरम किंवा कडक लागतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हात लावा. उपाय जुनाच आहे, साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी घातली म्हणजे कूस बदलायला नको, असं सांगणारी केंद्रं मी पाहिली आहेत. गादीनं मदत होते, पण गादी माणसाला वळवत नाही.

कूस बदलल्याचा कागद खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला असतो. वेळ, डावी-उजवी, सही. दुसऱ्या केंद्रात तो कागद इतका सुबक होता की मला कौतुक वाटलं. मग घड्याळ बघितलं. सकाळचे साडेदहा, आणि कागदावर दुपारी चारपर्यंतच्या सगळ्या सह्या झालेल्या! सून म्हणाली, "आई, चला."

वास लपत नाही म्हणतात, पण फिनेलनं लपतो. म्हणून जाण्याची वेळ बदला. सगळे नातेवाईक रविवारी दुपारी जातात आणि रविवारी दुपारी सगळी केंद्रं चांगलीच असतात. संध्याकाळी सात-साडेसातला जा, पाळी बदलताना. नळीतून भरवताना उशाकडची बाजू उंच केली आहे का, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तरी तशीच ठेवतात का, बघा. ती लगेच आडवी केली तर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी जमिनीवर लोळते आहे का? आठ वाजता सगळेच गाढ झोपलेत का? सगळेच झोपले असतील तर झोपेची गोळी कोण लिहून देतं आणि किती जणांना, हे स्पष्ट विचारा. हात बांधलेले दिसले तर तेही. कधी नळी उपसू नये म्हणून बांधतात, कधी रात्रीच्या मावशीला डुलकी घेता यावी म्हणून.

रात्रीचं विचारायलाच लोक विसरतात. "आमच्याकडे चोवीस तास स्टाफ" हे उत्तर घेऊ नका, आकडा घ्या. रात्री दोन वाजता किती खाटा, किती माणसं जागी? तिसऱ्या केंद्रात 22 खाटांना दोन मावशी होत्या आणि दोघींपैकी एक पहाटे चारपासून स्वयंपाकाला लागायची.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मध्यरात्रीनंतर आग लागली. 10 बाळं गेली. ती स्वतःहून उठून जाऊ शकत नव्हती. अर्धांगवायू झालेला माणूसही जाऊ शकत नाही. आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, 'बी फॉर्म' म्हणतात त्याला. तो मागा. मग स्वतः जिन्यापर्यंत चालत जा. तिथे जुन्या गाद्या आणि व्हीलचेअरी रचलेल्या असतील तर फॉर्मचं मनावर घेऊ नका.

करारनामा घरी आणून वाचा. डायपर आणि औषधांचं बिल वेगळं का, डिपॉझिट कधी परत, रात्री तब्येत बिघडली तर 108 ला फोन कोण करणार, दवाखान्यात सोबत कोण जाणार. तक्रार करायची वेळ आली तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567, फोनला पैसे पडत नाहीत.

चौथं केंद्र साधं होतं. रंग उडालेला, बाग नाही, जेवणाच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या. जाऊबाईंना तिथे ठेवून आठ दिवस झाले, आणि मी न सांगता संध्याकाळी गेले. मावशी त्यांना वळवत होत्या. "आजी, आता थोडा वेळ भिंत बघा, मग परत खिडकी देते." मी त्यांच्या टाचा पाहिल्या. कोरड्या होत्या, पण डाग नव्हता. मग कागद उचलला. दोनची सही होती, सहाची होती, चारच्या जागी वाकड्या अक्षरात 4.35 लिहिलेलं.

मी विचारलं, "हे काय?"

"चारला शेजारच्या आजोबांना उलटी झाली ताई. यांच्याकडे यायला उशीर झाला. झाला तेवढा लिहिला."