पाऊणकीचे पाणी

सकाळचे पावणेसहा वाजले आहेत. नवी मुंबईतील खाडीकाठच्या एका तलावाच्या तोंडाशी, रस्त्याच्या भरावाखालून जाणाऱ्या सिमेंटच्या नळासमोर, पाचजण उभे आहेत. त्यांच्यात दोन पक्षीनिरीक्षक आहेत, पाण्याचे नमुने घेणारी एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे, एक निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत आणि कोळीवाड्यातील एक ज्येष्ठ मच्छीमार आहेत. नळाच्या कडेला चिखलात एक बांबू रोवलेला असून त्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल रंगाची रेघ ओढलेली आहे. मोबाइलवरील भरतीच्या तक्त्याशी ताळा जुळवत सगळे पाण्याची वाट पाहत असताना मच्छीमारांनी एकदा खाडीकडे पाहिले आणि विद्यार्थिनीला सांगितले, "आज भांग हाय बाय. पानी नळात चढनार नाय."

आज अष्टमी आहे, म्हणून भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेल्या पिढीला मुंबईच्या किनाऱ्यावरील भरतीची वेळ काढण्यासाठी तक्ता लागत नसे. तिथीला पाऊणने गुणले की वेळ मिळत असे. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीची भरती सहाच्या सुमारास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेच या हिशेबामागचे गणित. छापील तक्ता अपोलो बंदराचा असतो आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी त्यानंतर काही वेळाने पोहोचते. तो फरक मात्र तक्त्यात नसतो, तिथे रोज होडी लावणाऱ्याला तो ठाऊक असतो.

सहा वाजून गेल्यावर पाणी चढले, आणि नळाच्या तळाच्या वीतभर खाली थांबले. वहीत नोंद झाली. ही वीतभर उंची या लघुपटाचा विषय आहे.

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. 6,521 हेक्टरांच्या या क्षेत्रात 2015 मध्ये घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य येते. परंतु रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना नकाशावरची हद्द कळत नाही. ओहोटीला खाडीतील चिखलाचे पट्टे उघडे पडतात तेव्हा ते तिथे चरतात, आणि भरतीने ते पट्टे बुडाले की विश्रांतीसाठी नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या, अभयारण्याबाहेरील उथळ तलावांवर येतात. त्या तलावांत खारे पाणी खेळते राहण्यासाठी भरती आत यावी लागते. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळमधील अशाच एका तलावाचे पाणी आटले, त्याच सुमारास काही रोहित पक्षी दगावले, आणि पाणी येण्याचे मार्ग बुजल्याचा प्रश्न तेव्हा कुठे सार्वजनिक चर्चेत आला. पक्षी मोजणाऱ्यांकडे संख्येच्या नोंदी होत्या, मच्छीमारांना पाण्याची वाट ठाऊक होती, नळाचे आराखडे कोणत्या तरी कपाटात होते; या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या नव्हत्या.

येथे अभियंत्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण पर्यावरणावरील चर्चेत ती सहसा ऐकली जात नाही. खाजण भरून वसवलेल्या या शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले तर पावसाचे पाणी जाणार कुठे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून धारण तलाव खोदले गेले. त्यांच्या तोंडावरील झडपा भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. याला डच पद्धत म्हणण्याचा प्रघात आहे; आगरी शेतकऱ्यांनी खारबंदिस्तीत, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधात, बसवलेल्या उघाडीचे (झडपेचे) तत्त्व यापेक्षा वेगळे नव्हते, पण तिचे कौतुक करायला कोणी हॉलंडहून आले नाही. झडपा नादुरुस्त झाल्या की भरतीबरोबर गाळ येतो, गाळावर तिवर हे संरक्षित कांदळवनातले झाड रुजते, आणि मग न्यायालयाच्या परवानगीवाचून तो गाळ काढता येत नाही. अभियंत्याला पाणी बाहेर हवे असते आणि पक्षीनिरीक्षकाला आत. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर मात्र असे दिसते की पहिल्याची गरज जून ते सप्टेंबर असते, तर दुसऱ्याची प्रामुख्याने नोव्हेंबर ते मे. हे भांडण जितके मोठे वाटते तितके ते नाही.

विद्यार्थिनीच्या हातात काचेची छोटी बाटली आहे. तिने खाडीचे पाणी बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरले, दोन रसायनांचे थेंब सोडले आणि बाटली उलटसुलट केली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. आजचा साका फिकट तपकिरी आहे. ही चाचणी शाळेतील मुलांनाही जमते. कठीण असते ती शिस्त. जागा तीच हवी, आणि वेळ घड्याळाची नव्हे तर पाण्याची हवी, कारण भरतीचे पाणी समुद्राची हकिगत सांगते आणि ओहोटीचे पाणी जमिनीची. एकाने भरतीला आणि दुसऱ्याने ओहोटीला घेतलेले आकडे एका तक्त्यात मांडले तर त्यातून काहीही सिद्ध करता येते. म्हणून या गटाच्या सामाईक वहीतील पहिला रकाना तिथीचा आहे, दुसरा भरती की ओहोटी याचा, आणि तारीख तिसऱ्या रकान्यात आहे.

हीच वही आता उल्हास नदीच्या वरच्या अंगाला, बदलापूर आणि कल्याणकडे जायला हवी. उल्हासचे मुख वसईला असले तरी तिच्या खाडीचा एक अरुंद फाटा ठाण्याजवळ या खाडीला मिळतो, आणि वालधुनीसारखी नागरी सांडपाण्याने कोंडलेली नदी उल्हासलाच येऊन मिळते. कल्याणजवळ उन्हाळ्यात जलपर्णी माजते, तिची छायाचित्रे तिथल्या नदीप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतात आणि तिथेच विरतात. राज्य शासनाच्या 'चला जाणूया नदीला' या 2022 मधील अभियानाने नदीकाठच्या लोकांना एकमेकांची ओळख करून दिली. नोंदींची ओळख होणे अजून बाकी आहे.

वृक्षारोपणाविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. पाणथळ जागेचे पुनरुज्जीवन म्हटले की फलक, टोप्या आणि रोपे दिसू लागतात. फ्लोरिडातील शास्त्रज्ञ रॉबिन लुईस यांनी कांदळवनांच्या बाबतीत आयुष्यभर उलटा क्रम सांगितला: आधी भरती-ओहोटीचे येणे-जाणे पूर्ववत करावे, बिया पाण्याबरोबर आपोआप येतात. उघड्या चिखलावर रोपे लावली तर ती बहुधा मरतात, आणि जगली तर पक्ष्यांची चरण्याची जागा जाते.

नळासमोरचा प्रश्न म्हणूनच वीतभर उंचीचा आहे. भांगाचे पाणी आत जात नाही, हे आज मोजले गेले. उधाणाचे पाणी किती वेळ आत राहते आणि महिन्यातले किती दिवस नळ कोरडा असतो, हे कळल्याशिवाय तळ किती खाली घ्यावा हे अभियंते कागदावर लिहून देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पुढची नोंद अमावास्येची आहे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. विद्यार्थिनीने वहीत वेळ लिहिली. मच्छीमारांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि पुढे अर्धा तास वाढवायला सांगितला.