पावती कुणाची, हे कोण तपासणार?

नमस्कार मंडळी. जावामध्ये वेब सेवा उभी करणं आता फार सोपं झालं आहे. स्प्रिंग हे त्यासाठीचं लोकप्रिय फ्रेमवर्क; त्याच्या स्प्रिंग इनिशियलायझर या साइटवर दोन-तीन डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) निवडल्या, झिप उतरवली, एक कंट्रोलर (विनंतीला उत्तर देणारा क्लास) लिहिला, की अर्ध्या तासात ८०८० पोर्टवर जेसन दिसायला लागतं. आज बोलायचं आहे ते त्या अर्ध्या तासानंतरच्या कामाबद्दल. उदाहरण एकच घेऊ: हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या. सभासदाला स्वतःच्या पावत्या दिसाव्यात, सेक्रेटरीला सगळ्यांच्या. सेवा एवढीच, पण सुरक्षेचे बहुतेक प्रश्न तिच्यात येतात.

आधी आवृत्तीचं पाहू, कारण नवशिक्यांचा पहिला आठवडा इथेच वाया जातो. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याला किमान जावा १७ लागतं, आणि 'जावाएक्स'ने सुरू होणारी कितीतरी पॅकेजेस त्यात 'जकार्ता'ने सुरू होतात. सोबतच्या स्प्रिंग सिक्युरिटी ६ मधून 'वेब सिक्युरिटी कॉन्फिगरर ॲडॅप्टर' हा क्लास काढूनच टाकला आहे. आता 'सिक्युरिटी फिल्टर चेन' हा बीन (स्प्रिंगने सांभाळायचा ऑब्जेक्ट) लिहायचा. जुन्या लेखातला कोड चिकटवला की तो कंपाइल होत नाही, आणि वैतागून माणूस सेवेच्या सगळ्या पत्त्यांना (यूआरएलना) 'परमिट ऑल', म्हणजे सर्वांना प्रवेश, देऊन मोकळा होतो. ती ओळ मग तशीच सर्व्हरपर्यंत जाते. म्हणून लेख वाचताना आधी त्याची तारीख पाहा.

सिक्युरिटी स्टार्टर जोडल्याबरोबर सगळे पत्ते बंद होतात. 'यूजर' नावाचा एक वापरकर्ता तयार होतो आणि त्याचा पासवर्ड कन्सोलवर छापला जातो. त्याने 'गेट' (वाचण्याची विनंती) चालतं, पण 'पोस्ट' (लिहिण्याची विनंती) केलं की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो. कधी ती विनंती 'एरर' पानाकडे वळते, तेही बंद असतं, आणि तोच नकार ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही', म्हणून दिसतो. पासवर्ड बरोबर असूनही ४०१ दिसल्यामुळे लोक तासन्‌तास पासवर्डच तपासत बसतात. कारण वेगळंच असतं: सीएसआरएफचं (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या नावाने विनंती पाठवण्याच्या हल्ल्याविरुद्धचं) संरक्षण सुरू आहे आणि आपण त्याचं टोकन पाठवलेलं नाही. हे संरक्षण बंद करावं का? ओळख 'ऑथरायझेशन' हेडरमधल्या बेअरर टोकनमधून (पुढे येणाऱ्या जेडब्ल्यूटीसारख्या) येत असेल तर करावं, कारण ब्राउझर ते टोकन आपणहून जोडत नाही. ओळख कुकीतून किंवा ब्राउझरने लक्षात ठेवलेल्या बेसिक पासवर्डातून येत असेल तर करू नये, कारण ते ब्राउझर आपणहून पाठवतो, कधी दुसऱ्या साइटवरून आलेल्या फॉर्मबरोबरसुद्धा. 'रेस्ट एपीआय आहे, मग बंद करा' हे उत्तर अपुरं आहे.

पासवर्ड साठवायला बीक्रिप्ट वापरा; तो पासवर्डचं उलट न फिरवता येणारं, मुद्दाम संथ रूपांतर करतो. त्याची ताकद मुळात १० असते, म्हणजे दोनाचा दहावा घात, १०२४ फेऱ्या. आकडा एकाने वाढवला की वेळ दुप्पट. पण बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच पाहतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. 'ज्ञानेश्वर' या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. मराठीत पूर्ण वाक्याचा पासवर्ड ठेवणाऱ्याची मर्यादा चोविसाव्या चिन्हालाच संपते. स्प्रिंगच्या जुन्या आवृत्त्या पुढचा भाग गुपचूप सोडून देत. म्हणून लांबी तपासताना अक्षरं मोजू नका, बाइट मोजा.

आता ओळखीचं टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारी आणि प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायची चिठ्ठी. त्याच्या जेडब्ल्यूटी या प्रकाराचे टिंबांनी जोडलेले तीन भाग असतात: शीर्षक, मजकूर आणि सही. मधला मजकूर बेस-६४ मध्ये लिहिलेला असतो, कुलूपबंद नसतो. तो कुणालाही उलगडून वाचता येतो, तेव्हा त्यात सभासदाचा फोन नंबर किंवा थकबाकी घालू नका. सही एवढंच सांगते की मजकूर बदललेला नाही. सहीची एचएस२५६ ही पद्धत वापरत असाल तर किल्ली किमान ३२ बाइटची हवी, आणि ती यादृच्छिक हवी. सोसायटीचं नाव आणि साल जोडून केलेली किल्ली चालणार नाही. किल्ली गिटमध्येही (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) जाऊ देऊ नका. एकदा कमिट झालेली किल्ली नंतर फाइलमधून काढली तरी इतिहासात राहते. अशा वेळी उपाय एकच, किल्ली बदलणे.

स्प्रिंगचा रिसोर्स सर्व्हर, म्हणजे टोकन घेऊन माहिती देणारी आपली सेवा, टोकनची सही आणि मुदत तपासतो, आणि घड्याळातल्या फरकासाठी ६० सेकंदांची सूट देतो. इश्यूअरचा (टोकन देणाऱ्या लॉगिन सर्व्हरचा) पत्ता सेटिंगमध्ये दिला तर टोकन कुणी दिलं तेही पाहतो. पण टोकन कुणासाठी दिलं आहे, म्हणजे ऑडियन्स, हे वेगळं सेटिंग लिहिल्याशिवाय तपासलं जात नाही. एकाच लॉगिन सर्व्हरवर सोसायटीचं जिम बुकिंग आणि पावत्या दोन्ही असतील, तर जिमसाठी घेतलेलं टोकन पावत्यांनाही चालेल. ही एक ओळ आवर्जून लिहा.

इथेच अजून एक अडचण येते. टोकनमधला स्कोप (दिलेली परवानगी) स्प्रिंगमध्ये 'स्कोप_' हा उपसर्ग लावून येतो. भूमिका तपासणारा 'हॅज रोल' मात्र 'रोल_' लावून शोधतो. दोघांची गाठ पडत नाही आणि सगळीकडे ४०३. अशा वेळी 'हॅज ऑथॉरिटी'मध्ये उपसर्गासह पूर्ण नाव लिहा. ४०१ म्हणजे 'तू कोण ते कळलं नाही', ४०३ म्हणजे 'कळलं, पण परवानगी नाही'. दोष शोधताना हा फरक आधी पाहिला की निम्मं काम होतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इथवर आपण फक्त माणूस ओळखला. सभासदाने लॉगिन केलं, टोकन खरं आहे, आणि त्याने १०४७ क्रमांकाची पावती मागितली. कंट्रोलरने 'फाइंड बाय आयडी' केलं आणि पावती दिली. मग त्याने पत्त्यात १०४८ लिहिलं. शेजाऱ्याची पावती आली. टोकन बरोबर, टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) बरोबर, लॉगमध्ये चूक नाही, तरी गळती झाली. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या २०१९ आणि २०२३ च्या दोन्ही याद्यांत हा दोष पहिल्या क्रमांकावर आहे. फ्रेमवर्क तो भरून काढू शकत नाही, कारण कोणती पावती कुणाची हे फक्त आपल्या टेबलला माहीत असतं.

उपाय क्वेरीतच करावा असं माझं ठाम मत आहे. रिपॉझिटरीत (डेटाबेसमधून नोंदी आणणाऱ्या भागात) 'आयडी आणि सभासद' असं दोन्ही मागणारी मेथड लिहायची आणि सभासदाचा क्रमांक टोकनमधूनच घ्यायचा. विनंतीच्या मजकुरातून किंवा पत्त्यातून कधीही नाही. नोंद मिळाली नाही तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', द्या. ४०३ दिला तर त्या क्रमांकाची पावती अस्तित्वात आहे हे समोरच्याला कळतं. आधी नोंद आणून मग 'इफ'ने मालक तपासला तरी चालतं, पण सहा महिन्यांनी पीडीएफ देणारा नवा पत्ता लिहिणारा तो 'इफ' विसरतो. सभासदांच्या कोडला नुसतं 'फाइंड बाय आयडी' उपलब्धच ठेवलं नाही तर विसरायला जागा उरत नाही. क्रमांकाऐवजी यूयूआयडी (लांबलचक यादृच्छिक ओळखचिन्ह) वापरल्याने अंदाज बांधणं अवघड होतं, पण त्याने मालकीची तपासणी होत नाही. फॉरवर्ड केलेल्या लिंकमधून यूयूआयडीही बाहेर जातोच.

सेक्रेटरीसाठी वेगळा पत्ता आणि वेगळी मेथड ठेवा, तिच्यावर 'प्री ऑथराइझ' (मेथड चालण्याआधी परवानगी तपासणारी खूण) लावा. इथे दोन खाचखळगे आहेत. कॉन्फिगरेशनवर 'एनेबल मेथड सिक्युरिटी' नसेल तर 'प्री ऑथराइझ' काहीच करत नाही, आणि तक्रारही करत नाही. शिवाय त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने ती मेथड बोलावली तर प्रॉक्सी (स्प्रिंगने क्लासभोवती घातलेलं, तपासणी करणारं आवरण) टाळली जाते आणि तपासणी होतच नाही.

लिहिण्याच्या बाजूलाही हाच प्रश्न आहे. एंटिटी (टेबलशी जोडलेला क्लास) थेट 'रिक्वेस्ट बॉडी' म्हणून, म्हणजे विनंतीच्या मजकुरातून, घेतली, तर जेसनमध्ये 'भरली: खरे' असं पाठवून सभासद स्वतःची थकबाकी मिटवू शकतो. म्हणून विनंतीसाठी जावाचा वेगळा 'रेकॉर्ड' (नुसता डेटा धरणारा क्लास) करा आणि जी क्षेत्रं सभासदाने भरायची आहेत तेवढीच त्यात ठेवा. त्यावर 'व्हॅलिड' लिहायला विसरलात तर आतली सगळी बंधनं नुसती लिहिलेली राहतात. बाहेरून आलेली मूल्यं क्वेरीत नेहमी पॅरामीटरने द्या. क्रमवारीसाठी आलेलं कॉलमचं नाव पॅरामीटरने देता येत नाही; ते ठरलेल्या चार-पाच नावांच्या यादीशी ताडूनच वापरा.

लायब्ररींबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे २ या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतला दोष उघड झाला: लॉगमध्ये छापला जाणारा एखादा मजकूरच सर्व्हरला बाहेरून कोड आणायला लावू शकत होता. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या, आणि २.१५ ची दुरुस्ती अपुरी ठरून पुढच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक ही दुसरी लायब्ररी वापरतं, पण आपल्या जारमध्ये नक्की काय आहे हे मेव्हनच्या 'डिपेंडन्सी ट्री'नेच कळतं. तो दर रिलीजला पाहा. ॲक्च्युएटरचे (स्प्रिंग बूटच्या देखरेखीच्या साधनाचे) सगळे पत्ते उघडे ठेवू नका. त्यातला हीप डंप, म्हणजे सेवेच्या मेमरीची प्रत, बाहेर गेला की मेमरीतले पासवर्ड आणि टोकन त्याच्याबरोबर गेले.

शेवटी चाचणी. दोन सभासद तयार करा, एकाची पावती दुसऱ्याच्या टोकनने मागा, ४०४ यायला हवा. प्रत्येक नव्या पत्त्यासाठी ही चाचणी लिहा, पीडीएफसाठीसुद्धा. टोकनशिवाय ४०१ येतो का तेही पाहा. स्प्रिंगच्या चाचणी लायब्ररीतलं बनावट जेडब्ल्यूटी, टोकन उलगडून तपासणाऱ्या डीकोडरमधून जातच नाही. त्यामुळे मुदत संपलेलं टोकन किंवा चुकीचा ऑडियन्स अडवला जातो की नाही, हे त्या चाचणीत कळत नाही. त्यासाठी चाचणीपुरती किल्ली बनवून खरी सही केलेली दोन टोकनं तयार करा. एकाची मुदत पाच मिनिटांपूर्वी संपलेली ठेवा, कारण ६० सेकंदांच्या सवलतीत बसणारं टोकन स्वीकारलं जाईल आणि चाचणी उगाच लाल, म्हणजे नापास, दिसेल. दुसऱ्यात ऑडियन्स म्हणून जिमचं नाव घाला. दोन्हींना ४०१ यायला हवा.