मिठाच्या पाण्यात बुडणारा काळा तुकडा

मंडळी, माझ्या हातातला हा तुकडा जुन्या डबा टीव्हीच्या मागच्या झाकणाचा आहे. इथे नाशिकमध्येच, अंबडच्या एका भंगाराच्या शेडमधून मागून आणला. तिथे माल निवडणाऱ्या ताई म्हणाल्या, "सर, हा कडक माल पेटत नाही. काडी लावली की नुसता धूर काढतो आणि विझतो."

तो पेटू नये म्हणूनच बनवलेला आहे. टीव्हीत ठिणगी पडली तर घर जळू नये, यासाठी कारखान्यात प्लास्टिकमध्ये डेकाबीडीई नावाची ब्रोमीनयुक्त पूड घालत. थोडीथोडकी नाही, वजनाच्या 10 ते 15 टक्के. उष्णता लागली की त्यातलं ब्रोमीन सुटतं आणि ज्योत ज्या कणांच्या जोरावर पसरते, त्यांनाच धरून ठेवतं. पण थालीपिठात तीळ मळावेत तशी ही पूड प्लास्टिकमध्ये नुसती मिसळलेली असते, रासायनिक बंधाने जोडलेली नसते. म्हणून ती हळूहळू बाहेर पडते, घरातल्या धुळीत बसते, आणि रांगणारं मूल तीच धुळीची बोटं तोंडात घालतं.

पुढचं नीट ऐका. आपल्या थायरॉईडचं संप्रेरक, थायरॉक्सिन, म्हणजे ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेली दोन कडी आणि त्यांच्यावर आयोडीनचे चार अणू. या पुडीच्या रेणूतही तशीच दोन कडी, तोच ऑक्सिजनचा पूल. आयोडीनच्या जागी ब्रोमीन. या साम्यामुळे शरीराची गफलत होऊ शकते. पोटातल्या बाळाचा मेंदू थायरॉईडच्या भरवशावर घडतो, म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी बाळांची आणि गरोदर बायकांची वाटते.

घातक, टिकाऊ रसायनं थांबवण्यासाठी देशांनी केलेल्या स्टॉकहोम कराराच्या यादीत या पुडीची भावंडं, पेंटा आणि ऑक्टा, 2009 मध्ये आली, आणि आपली डेकाबीडीई, म्हणजे डेका, 2017 मध्ये. आपल्याकडे 2018 च्या नियमांनी पेंटा-ऑक्टावर बंदी घातली. पण आधीच विकले गेलेले डबे कुठे जातील? क्रशरमध्ये, मग भट्टीत, आणि तिथून काळा दाणा, म्हणजे नव्या प्लास्टिक वस्तूंचा कच्चा माल, होऊन बाहेर. दहा रंगांचा माल एकत्र वितळला की मळकट होतो, म्हणून काजळी घालून काळा करतात. शिवाय काजळी घातलेलं प्लास्टिक निवडणाऱ्या यंत्रांच्या अवरक्त किरणांना ओळखूच येत नाही.

2017 मध्ये 26 देशांतली खेळणी तपासली, तेव्हा रुबिक क्यूबसारख्या रंगीत ठोकळ्यांच्या कोड्यांमध्ये ही रसायनं थोड्या प्रमाणात निघाली. खेळण्याला आगीपासून वाचवायला कुणी इतकं कमी प्रमाण मुद्दाम घालत नाही. ते भंगारातूनच आलेलं असतं. आग थोपवायला निरुपयोगी, पण पोरगं मात्र ते खेळणं चघळत बसणार, याचा मला खरंच राग येतो.

2024 मध्ये काळ्या उलथन्यांवरचा एक शोधनिबंध गाजला. त्यात 7,000 गुणिले 60 याचं उत्तर 4,20,000 ऐवजी 42,000 धरलं गेलं आणि सुरक्षित मर्यादा दहापट लहान दिसली. चूक पुढे दुरुस्त झाली. त्यामुळे घरातली भांडी फेका, असं मी सांगणार नाही. पण त्या वस्तूंत ब्रोमीन सापडलं होतं, हे खोटं नव्हतं.

उपाय भट्टीच्या आधी करायला हवा, निवडणीच्या टेबलावर. काडी लावून पाहू नका, त्या धुरात डायॉक्सिनच्या जातीची विषं असतात. दहा लिटर पाण्यात साधारण 1.6 किलो मीठ विरघळवा. साधं एबीएस, म्हणजे अशा उपकरणांच्या खोक्यांचं कडक प्लास्टिक, त्यावर तरंगतं. ब्रोमीनची पूड भरलेलं जड असतं, ते तळाला जातं. पीव्हीसी आणि पॉलिकार्बोनेट ही दुसरी प्लास्टिकंही बुडतात, त्यामुळे बुडालेलं सगळं विषारीच असं नाही. पण बुडालेला माल दाण्याच्या भट्टीत न टाकता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा, एवढं कुठल्याही शेडला जमेल. आणि तुम्ही घरचा जुना टीव्ही फोडून घंटागाडीत टाकू नका, तोही तिकडेच द्या.

तशी बादली मी इथे भरून ठेवली आहे. हा टीव्हीचा तुकडा आणि हा साध्या एबीएसचा. पुढच्या रांगेतली मुलं वर या, दोन्ही तुम्हीच टाका.