परसदारचे पाणी

चार दिवस झोडपून पावसाने आज उघडीप दिली आहे. समोर दिसणारे हे हिरवट, निश्चल पाणी म्हणजे तळे नव्हे. जांभ्याचे चिरे काढून झाल्यावर तशीच सोडलेली रत्नागिरीकडची ही खाण आहे. तिच्या कडा उभ्या कापलेल्या असल्यामुळे आत पडलेल्याला पाय टेकायला उतार मिळत नाही आणि शेवाळलेल्या दगडावर हातही ठरत नाही.

समुद्राला कोकणी माणूस जपून असतो. उधाणात पोरांना पुळणीवर सोडू नये, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. लहान मुलांचा घात मात्र बरेचदा घराला लागून असलेले पाणी करते: कठडा नसलेली विहीर, साकवाखालचा पऱ्या, न्हाणीतली बादलीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली; त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश ५ वर्षांखालील मुले होती.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. मिळेल तेवढा श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती खर्ची पडते, त्यामुळे दहा पावलांवर असलेल्या आईलाही काही ऐकू येत नाही. मागाहून तिला बोल लावणे सोपे असते. पण लावणीच्या दिवसांत सगळे घर चिखलात उतरलेले असताना लहानग्यांकडे कोण पाहणार, हे वाडीने आधीच ठरवायला हवे.

पूर्वी पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुक्या असोल्या नारळांची जोडी बांधत. तीच जोडी लांब दोरीला बांधून विहिरीपाशी टांगून ठेवली, तर वाचवणाऱ्याला पाण्यात उडी घ्यावी लागत नाही आणि एकाच्या जागी दोन जीव जात नाहीत.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरू नये, त्याचे पोटही दाबू नये. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत शिरू शकते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत, मूल तरीही निपचित असेल तर छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास हा क्रम चालू ठेवावा, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. आडवाटेच्या वाडीवर रुग्णवाहिकेला वेळ लागतो, म्हणून हे करू शकणारी दोनचार माणसे वाडीतच तयार असावी लागतात. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवू शकतो.