‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्याच्या पुढे

नमस्कार. बसा, बसा. मागे उभे राहू नका, इथे पंख्याखाली दोन खुर्च्या रिकाम्या आहेत बघा. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कमी पटाच्या शाळा : पुढे काय?’, म्हणजे ज्या शाळांत मुलंच थोडी आहेत त्यांचं काय करायचं, आणि त्यावर मी बोलणारच आहे, पण आधी ही वही दाखवते, कारण ही न दाखवता पुढे गेले तर मला जे सांगायचंय ते सांगताच येणार नाही. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरची ही नक्कल. मूळ रजिस्टर शाळेच्या कपाटाबाहेर काढायचं नसतं, म्हणून मुख्याध्यापकांना विचारून, सुट्टीत शाळेतच बसून मी ती हाताने उतरवून घेतली. 487 नावं आहेत.

शाळा संगमेश्वर तालुक्यात, अडतीस घरांच्या एका वाडीत. सुरू झाली जून 1962 मध्ये. त्याच वर्षी 1 मे ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, म्हणजे आमची शाळा आणि जिल्हा परिषद एका वयाच्या. पहिली ते चौथी, एक खोली आणि पडवी, दुसरी खोली नंतर झाली. मी तिथे शिक्षिका म्हणून दोनदा होते, 1988 ते 94 आणि परत 2018 पासून रिटायर होईपर्यंत, एकूण अकरा वर्षं.

इथे निम्मे चेहरे शिक्षकांचे दिसतायत, त्यामुळे रजिस्टरात काय असतं ते तुम्हाला पाठ आहे. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल केल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. वर्तणूक 487 जणांची ‘चांगली’ आहे, (हशा) आणि जुन्या पानांवर अर्ध्याहून जास्त मुलांचा जन्म 1 जूनचा आहे. आता इथे हात वर करायला सांगितलं तर किती हात वर येतील बघा... बघा! माझाही 1 जून, म्हणून तर 31 मे 2023 ला माझ्याबरोबर तालुक्यातले एवढे शिक्षक एका दमात रिटायर झाले. मुलाला शाळेत घालायला आणलं की घरच्यांना तारीख आठवायची नाही, ‘त्या वर्षी शिमग्यानंतर झाला’ एवढंच माहीत, मग गुरुजी सहा वर्षं मागे मोजून 1 जून टाकायचे आणि मूल पहिलीत बसायचं. आमच्या वाडीतली कितीतरी मुलं त्या एका तारखेमुळे शाळेत आली हो.

तर मुद्दा शेवटून दुसऱ्या रकान्याचा. सोडण्याचं कारण. तिथे काय लिहिलेलं असतं? ‘इ. 4 थी पास’, ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘मुंबईस गेल्याने’, ‘सतत गैरहजर’, ‘घरकामामुळे’. तेवढं लिहिलं की मुलाची ओळ संपली, शाळेचं त्याच्याकडे बघणं संपलं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या पुढे अजून एक रकाना पाहिजे, आणि तो आपण नाही, त्या मुलानेच भरायचा. मग तो साठ वर्षांचा का असेना.

हे डोक्यात आलं कसं ते सांगते. 2022 चा पाऊस संपता संपता 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवायला सुरुवात झाली होती, आठवत असेल तुम्हाला. आमचा पट होता 9. एका बैठकीला मला बोलावलं. कुठल्या कार्यालयात, कोणी, ते मी सांगणार नाही. समोर एक कागद ठेवला, त्यात एक प्रश्न होता, शाळेचे नामवंत माजी विद्यार्थी. तीन ओळी रिकाम्या. मी पेन हातात घेऊन बसून राहिले. समोरचे म्हणाले, बाई, साठ वर्षांत एक डॉक्टर नाही, एक अधिकारी नाही, मग या शाळेनं दिलं काय? मी काही बोलू शकले नाही. आणि बोलता का आलं नाही तर मला खरंच माहीत नव्हतं की ही 487 माणसं आज काय करतायत! मला त्यांचं वजन-उंची माहीत होती, पाढे कुठे अडायचे ते माहीत होतं, पुढचं आयुष्य काही माहीत नव्हतं. परत येताना एसटीत मी सारखी तीच रिकामी जागा बघत होते.

म्हणून मे 2024 मध्ये, चाकरमानी गावी असतात तेव्हा, आम्ही सगळ्यांना बोलावलं. शोधायला दीड वर्ष लागलं. मुंबईतल्या वाडीच्या मंडळाने फार मदत केली, गणपतीत घरोघर फिरलो, फोन नंबर गोळा केले. 61 जण आता नाहीत. आले 132. आणि नियम आम्ही तीन ठेवले होते. शाल-श्रीफळ नाही, स्टेज नाही, आणि बोलायचं ते रजिस्टर नंबराच्या क्रमाने, हुद्द्याच्या नाही. कारण आपल्याकडचे मेळावे तुम्ही बघता, जो मोठा झाला तो खुर्चीवर आणि बाकीचे मंडपाच्या बांबूला टेकून, मग बांबूला टेकलेला माणूस पुढच्या वर्षी येतच नाही. सकाळी नऊला सुरू केलं, रात्री आठ वाजले. पटावरची नऊ मुलं पुढच्या चटईवर बसलेली, एकही उठून गेलं नाही, जेवायलासुद्धा हाक मारावी लागली.

नावं मी घेणार नाही, नंबर सांगते.

नंबर 57. दाखल 1969, सोडली 1973, कारण ‘मुंबईस गेल्याने’. वय वर्षं दहा. चुलत्याबरोबर लालबागला, गाववाल्यांच्या खोलीत, दिवसा खानावळीत भांडी आणि डबे, संध्याकाळी रात्रशाळा, तीही पुढे सुटली. 1981 ला गिरणीत बदली कामगार म्हणून, म्हणजे कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी, लागला आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्याची तर नोकरीच जेमतेम वर्षाची. दीड वर्ष वाट बघून गावाला परत आला. पुढे कोकण रेल्वेचं काम निघालं तेव्हा करबुडे बोगद्यावर मजुरीला लागला, साडेसहा किलोमीटरचा तो बोगदा, आपण गाडीत बसून पाच-सात मिनिटांत पार करतो. तो सांगत होता, आत पाणी ठिबकायचं, अंगावरचे कपडे कधी सुकले नाहीत. तिथे त्याच्या टोळीत 22 माणसं, आणि मुकादम मस्टरवर दिवस कमी मांडायचा. कोणाला वाचता यायचं नाही. याने एका दुपारी मस्टर उघडं पडलेलं बघितलं, आडव्या ओळीने बोट फिरवलं, कुणाचे दोन दिवस कमी, कुणाचे तीन. रात्री सगळ्यांना बसवून हिशोब मांडला, सकाळी 22 जण एकत्र मुकादमाकडे गेले आणि पैसे घेऊनच कामावर चढले.

मग मला म्हणाला, ‘बाई, मस्टर मला हितंच कळलं. गुरुजी एकटे, चार वर्ग. चौथीला होतो तर हजेरी मलाच भरायला लावायचे. आडवं नाव, उभी तारीख.’

एवढं बोलून खाली बसला. मी रिटायर शिक्षिका आहे, बहुवर्ग अध्यापनाची किती प्रशिक्षणं केली, आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आपण नेहमी रडतो की एका खोलीत चार वर्ग, मुलांचं नुकसान. नुकसान होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी एकामागून एक माणसं उठत होती आणि न ठरवता तेच सांगत होती. 118 बेस्टमध्ये ड्रायव्हर, तो म्हणाला मी पहिलीच्या पोरांना ओढ्यापलीकडे हात धरून न्यायचो, अजून म्हातारं माणूस चढताना दिसलं की बस हलवत नाही. 331 मस्कतला हॉस्पिटलात नर्स आहे, ती व्हिडिओ कॉलवर होती, तिने सांगितलं की लहान मुलांची नखं तपासायचं काम तिसरीपासून तिच्याकडे होतं. मोठ्या शाळेत ही कामं मॉनिटर नावाच्या एकालाच मिळतात. आमच्याकडे मुलंच इतकी कमी की प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी यायचंच.

166 उठला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सहा वर्षं झाली, दारू सोडलीय.’ आणि बसला. पहिली टाळी चटईवरच्या मुलांनी वाजवली.

आणि 214. हे मला सांगितलंच पाहिजे. दाखल 1986, सोडली 1990, कारण ‘घरकामामुळे’. हे अक्षर माझं आहे. मीच लिहिलंय. हुशार मुलगी, चौथीत पहिलीच्या मुलांचे पाढे तीच घ्यायची. पाचवीची शाळा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, ती गेली नाही, मी घरी एकदा जाऊन आले, आई म्हणाली घरात काम असतं, मी तसं लिहून मोकळी झाले. आता ती बचत गटाची सगळी खाती ठेवते, काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते, दोन मुली शिकवल्या. तिची ओळ मी वाचून दाखवली, कारण घरकामामुळे, तर ती हसली आणि म्हणाली, ‘घरकाम कसलं ओ बाई, साकव नव्हता. आदल्या वर्षी पऱ्यातून दोन गुरं वाहून गेलेली, बापूस म्हणाला मुलगी नको जायला.’

साकव नव्हता. पऱ्यावरून जायचा छोटा पूल, तोच नव्हता. चौतीस वर्षं रजिस्टरात चुकीचं कारण पडून होतं आणि ते मी लिहिलं होतं. साकव झाला 1997 ला. रजिस्टर खोडता येत नाही, ते सरकारी आहे, पण या वहीत मी तिच्यासमोर लाल शाईने लिहिलं, ‘साकव नसल्याने’, आणि खाली तिची सही घेतली.

हो... चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. बरं. विषयावर येते.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, आणि कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, म्हणजे दुसरा शिक्षक मागणं ही चैन नव्हे. राज्यात 20 च्या आत पट असलेल्या शाळा 2023 मध्ये 15 हजारांच्या आसपास होत्या, आणि त्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. मोठी शाळा, ग्राउंड, लॅब, बसने मुलं आणायची. ऐकायला चांगलंय आणि काही ठिकाणी चांगलं होईलही, जिथे रस्त्याला लागून दोन शाळा आहेत आणि एकीत दोनच मुलं, तिथे पालकांना विचारून एकत्र करा, मी आडवी येणार नाही. पण आमच्या वाडीत बस येत नाही. शेवटचा सव्वा किलोमीटर चिरे आणि पायवाट आहे. वाहतूक भत्ता बँकेत जमा होईल, जुलैमध्ये सहा वर्षांच्या मुलीला पाण्यातून कोण नेणार? कागदावरचं अंतर मेमध्ये मोजतात हो, मुलं जुलैमध्ये चालतात. शाळा उचलली की आपण परत 214 तयार करतो, आणि परत कोणीतरी लिहील, सतत गैरहजर.

मुलांना मोठा मेळ पाहिजे, हे खरंय, चार मुलांत कबड्डी होत नाही. त्याला उपाय आहे, दर शनिवारी केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, सगळ्या छोट्या शाळा एकत्र आणा, खेळ, गाणी, प्रयोग तिथे करा, बाकी पाच दिवस आपली शाळा आपल्या वाडीत. मी दोन वर्षं केलंय, पालकांनी जीपचे पैसे काढले, त्यांच्यावर ती वेळ यायला नको एवढंच. अजून बरंच होतं, शिक्षकभरतीचं, पाचवीचा वर्ग जोडण्याचं, ते राहू दे.

तुमच्यातल्या शिक्षकांना एक काम देते. येत्या मेमध्ये आपल्या शाळेचं रजिस्टर काढा, एक नंबरपासून सुरू करा, माणसं शोधा आणि त्यांना विचारा. तुमच्याबद्दल जे कारण लिहिलंय ते बरोबर आहे का? आणि पुढे काय झालं? पटावरची मुलं समोर बसलेली पाहिजेत, हे विसरू नका. आमच्या 487 नंबरने, तो आता तिसरीत आहे, मेळाव्यानंतर मला विचारलं, बाई, माझं पण लिहिणार ना? मी त्याच्यासाठी पान कोरं सोडलंय, हे बघा, शेवटचं.

वहीचा नमुना मी आणलाय, रकाने आखून. तीस प्रती आहेत, दाराजवळच्या टेबलावर. कमी पडल्या तर झेरॉक्स समोरच आहे, ते नऊपर्यंत उघडं असतं.