ऐनवेळचा विषय

[दृश्य: ग्रामपंचायतीचा सूचना फलक. त्यावर टाचलेली ग्रामसभेची विषयपत्रिका.]

निवेदन:
विषयपत्रिकेची शेवटची ओळ बहुतेक गावांत सारखीच असते. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ शाळेची गळकी खोली, शिवारातून जाणारा महामार्ग, मतदान यंत्रावरचा संशय, दारूचं दुकान, असं मतदाराच्या मनातलं जे जे असतं ते या एका ओळीत कोंबलेलं असतं. ती ओळ येईपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते.

पारावर किंवा टपरीवर कुणी सरकारवर कितीही टीका केली तरी त्याला अडवत कुणी नाही, आणि लिहूनही कुणी घेत नाही. ग्रामसभेत ते लिहून घेतलं जाऊ शकतं. राज्यघटनेच्या कलम २४३ नुसार गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, पक्षाचं तिकीट लागत नाही. सरपंच आणि सदस्यांची मासिक सभा ती ग्रामपंचायतीची. ही सभा गावाची. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे नागरिकाचं मत सरकारी दप्तरात उतरवू शकणाऱ्या तेवढ्याच जागा. त्यातल्या पुष्कळ जागी ते उतरत नाही, आणि कुठे गळतं हे नेमकं दाखवता येतं.

[दृश्य: ध्वजारोहण आटोपलेलं. मुलं खाऊ घेऊन घरी निघाली आहेत.]

निवेदन:
महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्याच्या कलम ७ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. आमच्या मते राष्ट्रीय सणाचा दिवस यासाठी सगळ्यात गैरसोयीचा. झेंडावंदन झालेलं असतं, पाहुणे आलेले असतात, बाहेरगावी नोकरीला असलेले एका दिवसासाठी आलेले असतात आणि त्यांना दुपारची एसटी गाठायची असते. पण तारीख पाठ असल्यामुळे ‘आम्हाला कळलंच नाही’ असं कुणाला म्हणता येत नाही, एवढा एक फायदा आहे.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. नुसता व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरेसा नाही. फलकावर विषयपत्रिका लागली पाहिजे आणि दवंडी पिटली गेली पाहिजे. फलकावरच्या नोटिशीचा तारखेसह मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे वाद झाला, तर ‘नोटीस आदल्या संध्याकाळी लावली’ हे सिद्ध करायला दुसरं काही हाताशी नसतं.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. ती बऱ्याचदा फक्त कागदावर होते: अंगणवाडीत दहा-बाराजणी जमतात, सह्या होतात, फोटो निघतो. खरं तर पाण्याच्या वेळा, शौचालय, दारू हे विषय तिथेच मोकळेपणाने बोलले जातात. त्या सभेचे ठराव दुसऱ्या दिवशीच्या मुख्य सभेत वाचून दाखवा, अशी मागणी कुणीतरी उभं राहून केली पाहिजे.

[दृश्य: हजेरी वही. सह्या आणि अंगठे.]

निवेदन:
आता कोरम, म्हणजे गणपूर्ती. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा लहान असेल तो. पाचशे मतदारांच्या वस्तीला ७५ माणसं लागतात. दोन हजार चारशे मतदार असतील तर १५ टक्के होतात ३६०, पण शंभरावर भागतं. दहा हजार मतदारांच्या गावालाही शंभरच. म्हणजे गाव जितकं मोठं, तितकी प्रमाणाने कमी माणसं सगळ्यांच्या वतीने ठरवणार. छोट्या गावाला कडक आणि मोठ्या गावाला सैल असा हा नियम आम्हाला उलटा वाटतो.

एवढा सैल असूनही कोरम भरत नाही. मग सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. फक्त जुन्याच विषयपत्रिकेवरचे विषय घेता येतात. कोणत्याही कारभाऱ्याला हा हिशेब लगेच कळतो. पहिली सभा गैरसोयीच्या वेळी बोलवायची, ती तहकूब करायची आणि दुसरीत पंधरा माणसांत सगळे ठराव उरकायचे. म्हणून तहकूब सभेची तारीख आणि वेळ तिथेच मोठ्याने जाहीर करून घ्यावी, आणि त्या दुसऱ्या सभेला तर जावंच जावं.

दुसरी पळवाट हजेरी वहीत असते. सभा संपल्यावर वही घरोघर फिरते आणि सह्या वाढतात. उपाय साधा आहे. सभा संपताना शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायची, सह्यांचा आकडा अक्षरी लिहायचा आणि त्याखाली अध्यक्ष व सचिवांची सही घ्यायची. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून आता ग्रामपंचायत अधिकारी असं एकच पद झालं आहे. सचिवाचं काम तेच करतात.

[दृश्य: जाडजूड प्रोसिडिंग बुक. पानावर ठराव क्रमांक.]

निवेदन:
आता सगळ्यात महत्त्वाची वही: प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही. सभेत कुणी अर्धा तास भाषण केलं, टाळ्या पडल्या, पण प्रोसिडिंगमध्ये ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली’ एवढीच ओळ आली, तर सरकारदरबारी काहीच घडलेलं नाही. चर्चेला पुढे कुणी विचारत नाही. विचारतात ते ठरावाला, आणि ठरावाला लागतो क्रमांक, मजकूर, सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव.

मजकुरात काय हवं? ‘शाळेची दुरुस्ती करावी’ हा ठराव निरुपयोगी. कुणी, कधी, कशातून हे त्यात नाही. तोच असा लिहिता येतो: ‘जिल्हा परिषद शाळेच्या पश्चिमेकडील दोन खोल्यांचे छत दुरुस्त करण्याचे अंदाजपत्रक १५ दिवसांत शाखा अभियंत्याकडून तयार करून घ्यावे, खर्च ग्रामनिधीतून करावा, काम ३१ मेपर्यंत पूर्ण करावे व झालेल्या खर्चाचा तपशील पुढील ग्रामसभेत ठेवावा.’ यातलं शेवटचं वाक्य विसरू नये. ते असलं की विषय आपोआप पुढच्या विषयपत्रिकेवर येतो आणि ऐनवेळच्या ओळीची वाट पाहावी लागत नाही.

हा मजकूर सभेच्या आधीच लेखी द्यावा. दोन प्रती करायच्या, एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा’ असं उत्तर मिळालं तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं. पोचेशिवाय कागद देऊन परत येऊ नये.

सभेत पहिलाच विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. लोक या वेळी खुर्च्या ओढत असतात, आणि ‘वाचलं समजा, कायम’ असं म्हणून विषय संपतो. हरकत घ्यायची नेमकी जागा ही आहे. आपला ठराव आपण मांडला तसाच उतरला आहे का, दोन ठरावांच्या मध्ये नंतर भरण्यासाठी कोरी जागा सोडली आहे का, कधी चर्चाच झाली नाही असा एखादा ठराव मध्येच उगवला आहे का, हे तेव्हाच पकडता येतं. एकदा कायम झालं की ते मोडून काढायला पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

नक्कल मागितली आणि मिळाली नाही, तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. बरेच अर्ज इथेच फसतात. ‘गेल्या दहा वर्षांचा संपूर्ण कारभार द्या’ असं लिहिलं की अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची आणि हजेरी वहीच्या पानांची साक्षांकित प्रत’ एवढंच मागावं. उत्तराची मुदत ३० दिवस.

[दृश्य: फळ्यावर खडूने काढलेला जमाखर्च.]

निवेदन:
पैशाबद्दलचं मत बहुतेकदा रागातून येतं, आणि राग चुकीच्या खात्यावर निघतो. ‘एवढा निधी आला, मग गटाराऐवजी दिवे का लावत नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा होता. निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. त्यातून दिवे घेता येत नव्हते. उरलेला ४० टक्के अबंधित. गावाची गरज तिथे मांडायची, पण पगार आणि कार्यालयाचा खर्च त्यातून नाही. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. हा पाच टक्क्यांचा हिशेब सभेत मागून पाहा. फार कमी ठिकाणी तो तिथल्या तिथे मिळतो.

वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचे विकासाचे कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप उत्तरांसह ठेवावे लागतात. बाकीचं राहू द्या, आक्षेप तेवढे मागावेत. कारण ते गावाबाहेरच्या माणसाने, कागद बघून लिहिलेले असतात. ‘विरोधी गटाचा आहे’ म्हणून ते उडवून लावता येत नाहीत.

[दृश्य: शेतातून जाणाऱ्या आखणीचे दगड.]

निवेदन:
आणि गावाबाहेरच्या राजकारणावरचं मत? तेही ग्रामसभेत येतं. शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक गावांनी ठराव केले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर कराड तालुक्यातल्या कोळेवाडीने यापुढे मतदान मतपत्रिकेवर घ्यावं असा ठराव केला. असे ठराव मुंबईला किंवा दिल्लीला बांधत नाहीत. ती मागणी असते, आदेश नव्हे. म्हणून ते करू नयेत असं आमचं म्हणणं नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. काही दिवसांतच राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. गावाचं मत वर पोचल्याचं इतकं सरळ उदाहरण शोधून सापडत नाही.

मात्र बहुमत झालं म्हणून काहीही ठरवता येत नाही. पाथर्डी तालुक्यातल्या मढीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला. तो गटविकास अधिकाऱ्यांनी रद्द केला, आणि आमच्या मते तेच योग्य होतं. कोणताही धंदा करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने दिलेलं आहे. ते काढून घेणं ग्रामसभेच्या हातात नाही, मग हात कितीही वर होवोत.

ठरावाला खरी धार येते ती एखादा कायदा पाठीशी असेल तेव्हा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो वनहक्क कायद्यामुळे. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. खाण झाली नाही.

[दृश्य: गावाच्या वेशीवरचं देशी दारूचं दुकान. नंतर उभी बाटली आणि आडवी बाटली, ही दोन चिन्हं.]

निवेदन:
अशी कायद्याची धार असलेला, सगळ्यांना माहीत असलेला विषय म्हणजे दारूबंदी. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्या जणांनी लेखी मागणी करायची. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि मग गुप्त मतदान होतं. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू.

फसगत होते ती मोजणीत. झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत; यादीत असलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा महिलांच्या मतदानात यादीवर १,२०० नावं आहेत. मतदानाला आल्या ८००, त्यातल्या ५९० जणींनी आडवी बाटली निवडली, उभीला २१०. जवळपास तिप्पट मतं, तरी दुकान चालू राहतं, कारण लागत होती ६०१. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. वारलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, मुंबईला स्थायिक झालेल्या अशा सगळ्यांची नावं यादीत असतील, तर त्याही.

त्यामुळे मागणीचा अर्ज भरण्याच्या आधी काम असतं मतदारयादीचं. यादीची प्रत घेऊन वस्तीवार बसायचं, प्रत्येक नावापुढे राहते, वारली, गेली अशी खूण करायची. वारलेल्यांसाठी मृत्यूचा दाखला जोडून आणि गेलेल्यांसाठी स्थलांतराचं कारण देऊन नमुना ७, म्हणजे यादीतून नाव वगळण्याचा अर्ज, भरायचा आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे त्याची पोच घ्यायची. नावं खरोखर कमी झालेली सुधारित यादी हातात पडली, की मगच २५ टक्के सह्यांना सुरुवात करायची.